चालता गोठा हाती घेताना

आमच्या अकोले तालुक्यात घरटी एखादी तरी गाय असते. गावातल्या एका वयस्कर जोडप्याचा चालता गोठा आमच्या कुटुंबानं विकत घेतला. त्यांची मुलं पुण्याला नोकरीला, दोघांचेही गुडघे थकलेले, आणि गाई बाजारात उभ्या करायला त्यांचं मन धजेना. डझनभर संकरित गाई, कालवडी, कुट्टी मशीन, मुरघासाचा खड्डा असं सगळं आमच्याकडे आलं. सासरे, नवरा, दीर, जाऊबाई आणि मी मिळून तो सांभाळतो. गावोगावी आता असे गोठे विकायला निघताहेत. घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

1. आधी धारा बघा, मग किंमत बोला.
प्रत्येक गाईच्या सलग तीन धारा समोर उभं राहून काढून घ्या. आदल्या वेळचं दूध कासेत ठेवलं की दुसऱ्या वेळी कोणतीही गाय भरपूर दूध देते. वेत कितवं, शेवटची कधी व्याली, किती महिन्यांची गाभण, हे विचारा आणि डॉक्टरांकडून तपासूनही घ्या. सीएमटी चाचणीनं छुपा कासदाह कळतो. ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासा. त्यानं गाई गाभडतात आणि तो कच्च्या दुधातून, वारेतून माणसालाही होतो. गोठ्यात लेकराबाळांचा वावर असतो, तिथे हा खर्च टाळू नये.

2. दावं सोडण्याआधी कागद पुरे करा.
गोठ्याखालची जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, गाईंवर कर्ज आहे का, वीजमीटर कोणाच्या नावावर आहे, हे आधी बघा. कानातल्या बिल्ल्यावर 12 आकडी क्रमांक असतो. त्याच्या ऑनलाइन नोंदीत मालकाचं नाव बदलून घ्या. विमाही आपल्या नावावर करा, नाहीतर जनावर दगावल्यावर दावा अडतो. 2024 मध्ये राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, तेही या बिल्ल्यांच्या नोंदींशी जोडलेलं होतं.

3. सुरुवातीला काहीही बदलू नका.
मालक बदलला हे गाईला धार काढणाऱ्या हातावरून कळतं. ती बुजली की पान्हा चोरते. म्हणून जुन्या मालकांना आम्ही सुरुवातीला दोन्ही वेळच्या धारांना बोलावलं. कोणती गाय डाव्या बाजूनं हात लावू देत नाही, कोणती माज दाखवत नाही, हे त्यांनाच ठाऊक होतं. जाऊबाईंनी सगळं वहीत उतरवलं. धार झाली की ते लगेच गव्हाणीत वैरण टाकत. त्यामागे कारण होतं. धारेनंतर जवळपास अर्धा तास सडांची तोंडं उघडी असतात. तेवढा वेळ गाय खात उभी राहिली, तर शेणामुताचा संसर्ग टळतो. जुन्या सवयीचं कारण कळेपर्यंत ती मोडू नये. पेंड बदलायची झाली तरी दहा-पंधरा दिवसांत हळूहळू बदलावी. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

4. गाईंआधी चारा मोजा.
दुभत्या संकरित गाईला दिवसाला 20 ते 25 किलो हिरवा आणि 6 ते 8 किलो सुका चारा लागतो. डझनभर गाईंना रोज अडीच-तीन क्विंटल हिरवा चारा झाला. पिण्याचं पाणी दुधाच्या लिटरमागे चार-पाच लिटर धरा. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते तेव्हा विकतचा चारा सगळा नफा खातो. मक्याचा दाणा चिकातून पिठात उतरू लागला की कापणी करून कुट्टी करा, दाबून हवाबंद करा. साधारण 45 दिवसांत मुरघास तयार होतो.

5. कर्जाचा हप्ता मंदीच्या दरावर बसवा.
जुलै 2023 मध्ये शासनानं 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला किमान 34 रुपये दर जाहीर केला. वर्ष संपेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती पडणारा दर त्याच्या बराच खाली गेला होता. पेंडीचे भाव मात्र सहसा उतरत नाहीत. चांगल्या दरावर हिशेब मांडून कर्ज काढलं, तर पहिल्याच मंदीत गाय विकावी लागते.

6. पुढचा गोठा कालवडीत असतो.
व्यालेल्या पहिल्या तासातच वासराला चीक पाजा. दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जायला हवा. 30 किलोच्या वासराला 3 लिटर. माजाची नोंद रोज ठेवा. एक माज हुकला की 21 दिवसांची वैरण वाया जाते. घरच्या कालवडी नीट वाढवल्या, तर दुसऱ्यांच्या दावणीचे आजार आपल्या गोठ्यात येत नाहीत.

7. काम वाटता तसा पैसाही वाटा.
शेण, वैरण, वासरं, दुधाची भांडी ही कामं बहुतेक घरांत बायकांकडे असतात आणि दर दहा दिवसांचं दुधाचं बिल पुरुषाच्या खात्यावर जमा होतं. आमच्याकडे डेअरीचं खातं जाऊबाईंच्या आणि माझ्या नावावर आहे. पेंड, औषधं, हप्ता आणि घरखर्च आम्ही वेगवेगळा मांडतो. धारांच्या पाळ्या लावल्यामुळे प्रत्येकाला माहेर, लग्नकार्य, आजारपण सांभाळता येतं. एकाच माणसाच्या अंगावर टाकलेला गोठा त्या माणसाबरोबरच बंद पडतो.

गोठ्याचा व्यवहार एका दिवसात होतो, पण गोठा खऱ्या अर्थानं हातात यायला एक पूर्ण वेत जावं लागतं. तेवढा धीर आणि घरातल्या सगळ्यांची तयारी असेल, तर गावातला मोकळा होणारा गोठा जरूर घ्या.