पडद्यावरचा आकडा आणि टाकीतले डिझेल

चाकणच्या बाजारात कांदा कसा विकतात? गोणी काट्यावर ठेवतात. काटा स्थिर होतो. मग वजन लिहितात. समजा, एखादा व्यापारी म्हणाला, "काटा कशाला? ही गोणी पन्नास किलोची आहे, मला दिसतेच आहे की." शेतकरी ऐकून घेईल का? मुळीच नाही. तो म्हणेल, "अहो, डोळ्यांनी काय मोजता? काट्यावर टाका." कारण काट्याला सरकारी शिक्का असतो. डोळ्यांना नसतो.

आता हीच गोणी वाहून नेणाऱ्या पिकअप गाडीकडे पाहू या.

गाडी नवी आहे. ड्रायव्हरच्या समोर लहानसा पडदा आहे. त्यावर आकडा दिसतो, १३.८. म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये गाडी १३.८ किलोमीटर चालते, असे पडदा सांगतो. यालाच आपण गाडीचे अॅव्हरेज म्हणतो. पण हा आकडा आला कोठून? टाकीतले डिझेल कोणी मापाने मोजले का? नाही. हा आकडा हिशेबाने काढलेला अंदाज आहे. पुष्कळदा अंदाज बरा असतो. तरी तो अंदाजच. त्यावर शिक्का नाही.

पूर्वी असा पडदा नव्हता. पिंपरीच्या टेल्को कारखान्याने १९८८ साली टाटामोबाईल ही पिकअप काढली, तेव्हा ड्रायव्हर डिझेलचा काटा आणि किलोमीटरचे आकडे पाहत. अॅव्हरेज हवे असेल तर वहीत लिहून भागाकार करावा लागे. आता गाडीत संगणकाची पेटी आली आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात धुराचे नवे कडक नियम लागू झाले. ते पाळायचे तर डिझेल थेंबाथेंबाने, वेळ साधून सोडावे लागते. हे काम पेटी करते. ती डिझेल सोडते, म्हणून तिला हिशेबही ठेवता येतो.

हिशेब कसा ठेवते ते नीट समजून घ्या. सगळी गोम इथेच आहे.

इंजिनात डिझेलचा फवारा उडतो. फवारा मारणाऱ्या तोटीला इंजेक्टर म्हणतात. तोटी किती वेळ उघडी होती आणि नळीत दाब किती होता, एवढे पेटीला कळते. त्यावरून ती ठरवते की इतके डिझेल गेले. आपण घरी असेच करतो. नळ पाच मिनिटे सोडला की हंडा भरतो, हे आपल्याला ठाऊक असते. मग हंड्याकडे न पाहताच आपण म्हणतो, "पाच मिनिटे झाली, हंडा भरला असेल." पण नळाची तोटी झिजली असेल तर? किंवा तिच्यात कचरा अडकला असेल तर? पाच मिनिटे तीच, पण पाणी कमीजास्त. इंजेक्टरचेही तसेच होते. गाडी लाखभर किलोमीटर चालली की इंजेक्टर नव्यासारखा राहत नाही. डिझेल उन्हाने फुगते, थंडीने आकसते, हेही आहेच. दहा अंशांचा फरक पडला तर लिटरमागे सुमारे आठ मिलिलिटरचा फरक होतो. हा फरक लहान आहे. पण लहान लहान चुका एकाच बाजूला पडल्या तर बेरीज मोठी होते.

ही झाली डिझेलची बाजू. आता अंतराची. अंतर तरी पेटी मोजते का? तेही नाही. ती चाकाचे फेरे मोजते. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा कारखान्यातच तिला शिकवलेला असतो. पण टायर झिजला की चाक लहान होते. बैलगाडीचे मोठे चाक आणि हातगाडीचे लहान चाक डोळ्यांपुढे आणा. एकाच रस्त्याला लहान चाकाचे फेरे जास्त होतात.

समजा, नव्या टायरच्या मध्यापासून जमीन ३४० मिलिमीटर आहे. टायर सहा मिलिमीटर झिजला. आता अंतर ३३४ राहिले. गाडी खरोखर १०० किलोमीटर चालली, तर फेरे मोजून पेटी म्हणेल, जवळजवळ १०२ किलोमीटर झाले! गाडी दोन किलोमीटर फुकट चालली असे पडद्याला वाटते. अॅव्हरेज वाढलेले दिसते. कोणी मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर याच्या उलट होते.

आणखी एक गोष्ट. पडदा सरासरी दाखवतो, पण कधीपासूनची? बटण दाबून आकडा शून्य केला, तेव्हापासूनची. चाकणहून माल भरून वाशीच्या बाजाराला निघा. लोणावळ्याला बटण दाबा आणि बोरघाट उतरा. गिअरमध्ये गाडी उतारावर असली आणि पाय उचललेला असला की पेटी डिझेल बंदच करते. घाटाखाली पडदा असे काही अॅव्हरेज दाखवील की मालक खूष व्हावा. परत येताना गाडी रिकामी असली तरी घाट चढायचा आहे. तेव्हा आकडा खाली येतो. दोन्ही आकडे त्या त्या वेळेपुरते ठीक. पण एकही महिन्याचा खर्च सांगत नाही. (डिझेल वाचवायचे म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी उतरवणारे पुष्कळ आहेत. त्याने वाचत काही नाही. इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच, आणि ब्रेक तापून निकामी होतात ते वेगळेच.)

तुम्ही म्हणाल, दोन-चार आकड्यांचा फरक, त्याचे एवढे काय?

मग हे ऐका. एका मालकाची एक पिकअप आहे. गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर चालते. पडदा म्हणतो १३.८. मालक भागाकार करतो. डिझेल २१७ लिटर लागायला हवे. पण पंपाच्या पावत्यांची बेरीज २३८ लिटर होते. २१ लिटर गेले कुठे? मालकाच्या मनात एकच उत्तर येते.

"डिझेल विकलंस ना रे?"

"नाही मालक. आईशप्पथ नाही."

"मग पडदा खोटं बोलतो काय? मशीन आहे ते!"

लिटरला ९० रुपये धरले तर २१ लिटरचे १,८९० रुपये होतात. तेवढे ड्रायव्हरच्या पगारातून कापले जातात. पैसे गेले ते गेलेच, वर चोरीचा आळ आला. नाक्यावर ही गोष्ट पसरली की दुसरा मालक त्याला गाडी देताना दहा वेळा विचार करतो. ड्रायव्हरने खरेच डिझेल विकले असेल, असेही होऊ शकते. होतेही. पण पडद्याचा आकडा हा त्याचा पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर मोजले पाहिजे.

मोजायचे कसे? जुनीच रीत आहे. टाकी फुल ते टाकी फुल.

सकाळी पंपावर जा. गाडी सपाट जागी उभी करा. नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. त्यावर आणखी डिझेल कोंबू नका. मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. समजा, ४८,२१० आहेत. आता रोजचे काम करा. टाकी बरीच खाली आली की त्याच पंपावर, त्याच यंत्रावर, तशीच भरा. आता मीटर ४८,७१४ दाखवते. पावतीवर ४० लिटर आहेत. ४८,७१४ मधून ४८,२१० वजा करा. ५०४ उरले. ५०४ ला ४० ने भागा. १२.६ आले.

पडदा १३.८ म्हणत होता. टाकी १२.६ म्हणते. वरच्या भांडणातले २१ लिटर इथे सापडले! ३,००० ला १२.६ ने भागून पाहा. २३८ येतात. पावत्यांची बेरीज तेवढीच होती.

एकदा मोजून थांबू नका. नळी कधी थोडी आधी बंद होते, कधी उशिरा. चार वेळा मोजा. चारही खेपांचे किलोमीटर एकत्र करा, लिटर एकत्र करा, मग भागा. आणि किलोमीटरचे आकडेही चाकाच्या फेऱ्यांवरच चालतात, हे विसरू नका. त्यांची परीक्षा रस्त्यावर होते. नाशिक रस्त्याला किलोमीटरचे दगड आहेत. वीस दगड मोजत जा आणि मीटर पाहा. मात्र खेड, मंचर, नारायणगाव इथे नवे बाह्यवळण झाले आहे. तो भाग सोडून सरळ पट्टा निवडा.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर? तिथे तुमचा हक्क आहे. पंपावर पाच लिटरचे सरकारी शिक्क्याचे माप ठेवावे लागते. "मापात भरून दाखवा," असे कोणतेही गिऱ्हाईक म्हणू शकते. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरले तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते. पंपाच्या यंत्राला हे बंधन आहे. गाडीच्या पडद्याला नाही.

गाडी घेताना दुकानदार आणखी एक आकडा सांगतो. "अराईचे अॅव्हरेज इतके." अराई ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली सुरू झाली. चाकणलाही तिचे केंद्र आहे. तिथे गाडीची चाके मोठ्या रुळांवर फिरवतात. वेग किती, थांबायचे किती, हे ठरलेले असते. परीक्षा चोख असते. ती कशासाठी? दोन गाड्या एकाच कसोटीला लावून तुलना करता यावी म्हणून. तळेगाव चौकात तासभर अडकलेली, कांद्याने भरलेली गाडी त्या परीक्षेत नसते. गर्दीत उभी गाडी डिझेल पिते आणि किलोमीटर शून्य.

म्हणून भाडे ठरवताना स्वतःच्या वहीतला आकडा धरा. पडद्याच्या आकड्याने किलोमीटरचा दर सांगितला, तर प्रत्येक खेपेला थोडे डिझेल आपल्या पदरचे जाते.

मग पडदा पाहूच नये का? पाहावा. एक काम तो चांगले करतो. काल १३.८, आज त्याच रस्त्याला, त्याच ओझ्याला १२.१ दाखवत असेल, तर काही बिघडले आहे. आधी टायरची हवा पाहा. मग हवेची जाळी साफ आहे का पाहा. ब्रेक चिकटतो का, तेही मेस्त्रीला विचारा. चूक कायम असली तरी फरक खरा असू शकतो.

वहीचे पान असे आखा. तारीख, मीटर, लिटर, रुपये, गाडी भरलेली की रिकामी, कुठून कुठे. शेवटी एक घर पडद्याच्या आकड्याला ठेवा. मालकाने आणि ड्रायव्हरने दर वेळी दोघांनीही त्या ओळीखाली सही करावी.