राजासाठी मिस्सा, राजाच्या नावाविना



नोव्हेंबर महिन्यात आपण वेदीजवळच्या पेटीत पाकिटे टाकतो. आत आजी-आजोबांची, आईवडिलांची, अकाली गेलेल्या भावंडांची नावे असतात. ती मोठ्याने वाचली जात नाहीत, तरी वेदीपाशी आहेत एवढ्यानेच मनाला बरे वाटते. आजच्या अभ्यासपाठात आपण मृतांसाठी झालेल्या अशाच एका मिस्साचा विचार करणार आहोत. ती एका राजासाठी होती. तिच्यासाठी मोठा गायकवृंद आणि भरगच्च वाद्यवृंद होता, आणि तिचे संगीत आजही जगभरच्या चर्चमध्ये व मैफलींत गायले जाते. राजाचा सन्मान करण्यासाठी बोलावलेल्या संगीतकाराने त्या राजाला नेमके काय दिले, हा आपला प्रश्न आहे.

तो राजा म्हणजे फ्रान्सचा सोळावा लुई. 21 जानेवारी 1793 रोजी पॅरिसमध्ये भर चौकात गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. वय अवघे 38 वर्षांचे. त्या दिवशी पहाटे तुरुंगातच त्याने मिस्सा ऐकली आणि ख्रिस्तशरीर स्वीकारले. एजवर्थ नावाचे आयरिश वंशाचे धर्मगुरू वधस्तंभापर्यंत त्याच्या सोबतीला होते. वर चढल्यावर तो लोकांशी बोलू लागला, तेव्हा ढोल बडवून त्याचा आवाज बुडवण्यात आला. मृतदेह जवळच्या स्मशानात पुरून त्यावर चुना टाकण्यात आला. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला त्याची राणी मारी आंत्वानेत हिचीही तीच गत झाली.

लुई हा काही संत नव्हता. त्याच्या राज्यात गरिबांना भाकरी महाग झाली होती, खजिना रिकामा होता आणि निर्णय घेण्यात तो कच्चा होता. हे आपण मोकळेपणाने मान्य करू या. परंतु मृत्यूच्या जवळजवळ महिनाभर आधी, 25 डिसेंबर 1792 रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, त्याने आपले मृत्युपत्र लिहिले. त्यात आपल्याशी वैर करणाऱ्यांना त्याने क्षमा केली, आणि आपल्या मुलाला राजा होण्याचे दुर्भाग्य लाभलेच तर त्याने सूडबुद्धी ठेवू नये असे बजावले. हा कागद पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे.

पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनी येथे एक पुरातन महामंदिर आहे. पॅरिसचे पहिले बिशप व रक्तसाक्षी संत डेनिस यांच्या नावाने ते ओळखले जाते. शतकानुशतके फ्रान्सच्या राजांना तिथेच पुरत असत. 1793 मध्ये क्रांतिकारकांनी त्या कबरी फोडल्या आणि राजा-राण्यांच्या अस्थी खड्ड्यात लोटून दिल्या. पुढे काही वर्षे 21 जानेवारी हा दिवस प्रजासत्ताकाचा सण म्हणून साजरा होई. शेवटच्या राजाला मिळालेल्या न्याय्य शिक्षेचा वाढदिवस असे त्याचे स्वरूप होते. त्या दिवशी संगीत असे, शपथा असत, मिरवणूक असे.

काळ फिरला. नेपोलियनचा पाडाव झाला आणि मेलेल्या राजाचा भाऊ अठरावा लुई गादीवर बसला. जानेवारी 1815 मध्ये लुई आणि मारी आंत्वानेत यांचे अवशेष उकरून काढण्यात आले आणि 21 जानेवारीला, म्हणजे मृत्यूला बरोबर 22 वर्षे झाली त्या दिवशी, सँ-दनीला नेऊन पुरण्यात आले. पुढच्या वर्षी कायद्याने तो दिवस राष्ट्रीय दुखवट्याचा ठरला. त्या दिवशी चर्चमध्ये राजाची स्तुती करणारे प्रवचन न होता त्याचे मृत्युपत्र वाचून दाखवले जाई. म्हणजे ज्या तारखेला काल जल्लोष होता, त्याच तारखेला आज शोक. कालच्या मिरवणुकीत नाचलेली माणसे अजून जिवंत होती आणि त्यातली काही आता काळे कपडे घालून चर्चमध्ये बसत होती.

अशा दिवसासाठी नव्या राजाने संगीत मागितले ते लुइजी केरुबिनी याच्याकडे. केरुबिनी 1760 साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे जन्मला आणि तरुणपणीच पॅरिसला येऊन राहिला. (आडनावाचा अर्थ पाहा : आपल्या बायबलमधले करूब तेच हे.) क्रांतीच्या भयंकर वर्षांत तो फ्रान्समध्येच होता. पोटासाठी म्हणा, जिवाच्या भीतीने म्हणा, त्याने प्रजासत्ताकाच्या सोहळ्यांसाठी गीतेही रचली. राजसत्ता कोसळली त्या 10 ऑगस्टच्या स्मरणासाठीही त्याने संगीत दिले होते. आता 1816 साली तो राजाच्या प्रार्थनामंदिराच्या संगीताचा एक प्रमुख होता. कोणी त्याला संधिसाधू म्हणेल. आम्हाला तसे म्हणवत नाही. दोन्ही बाजूंची प्रेते पाहिलेला माणूस मृतांसाठी प्रार्थना लिहितो तेव्हा ती कशी लिहितो, ते आधी ऐकले पाहिजे.

त्याने सी मायनर ह्या स्वरातले रेक्वियम रचले. 21 जानेवारी 1817 रोजी सँ-दनी येथे ते प्रथम गायले गेले. रेक्वियम हा लॅटिन शब्द, अर्थ विश्रांती. मृतांच्या जुन्या लॅटिन मिस्साची पहिली प्रार्थना ह्याच शब्दाने सुरू होई, म्हणून त्या मिस्साला व तिच्या संगीताला हे नाव पडले.

राजाचा सोहळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? तुताऱ्या, नगारे आणि एखादा नामवंत गायक पुढे उभा राहून राजाचे गुण गातो आहे असे दृश्य. केरुबिनीने हे सारे टाळले. त्याच्या रेक्वियममध्ये एकट्याने गाणारा गायक नाहीच. सुरुवातीपासून शेवटापर्यंत फक्त गायकवृंद गातो. त्या काळच्या पॅरिसमध्ये, जिथे ऑपेराच्या गायिकांसाठी लोक जीव टाकत, तिथे ही गोष्ट साधी नव्हती. पहिल्या दोन भागांत तर त्याने व्हायोलिनसुद्धा गप्प बसवली आहेत. व्हायोला, चेलो अशी खालच्या आवाजाची तंतुवाद्ये तेवढी वाजतात. त्यामुळे सुरुवातीचा आवाज काळोखा आणि दबका येतो. पहाटे घरात कोणी गेले असेल तर माणसे जशी हळू बोलतात, तसा.

आता शब्दांकडे वळू. शब्द केरुबिनीचे नाहीत, राजाचेही नाहीत. ते ख्रिस्तसभेचे आहेत. धर्मगुरूंच्या प्रार्थनेत मृताचे बाप्तिस्म्याचे नाव येते. परंतु गायकवृंद जे गातो त्यात कोणाचेही नाव नसते. तेच शब्द शेतकऱ्यासाठी, तेच कोळ्यासाठी, तेच राजासाठी. लुईच्या पदव्या, त्याचे घराणे, त्याच्यावर झालेला अन्याय, यांतले काहीही त्यात शिरू शकत नाही. ख्रिस्तसभेने राजाला मुकुट काढूनच आत घेतले, असे म्हटले तरी चालेल.

परंतु गंमत अशी की ‘राजा’ हा शब्द ह्या गायनात आहे, आणि तो दोनदा येतो. पहिल्यांदा ‘दिएस इरे’ म्हणजे न्यायाच्या दिवसावरील दीर्घ गीतात, जिथे पापी माणूस भयंकर वैभवाच्या राजाला विनवतो की मला फुकट तार. दुसऱ्यांदा अर्पणाच्या प्रार्थनेत, जिथे प्रभू येशूला गौरवाचा राजा म्हटले आहे. दोन्ही वेळा राजा म्हणजे देव. फ्रान्सच्या राजासाठी जमलेल्या मंडळींत अठराव्या लुईचे मंत्री व सरदार असतील. त्यांच्या कानांवर ‘राजा’ हा शब्द पडला तो ह्या अर्थाने. पुढे 1925 साली पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, तेव्हा युरोपातल्या अनेक गाद्या कोसळून गेल्या होत्या. केरुबिनीच्या वेळी एक गादी नुकतीच पुन्हा मांडली जात होती, आणि तिच्यासमोर ही प्रार्थना गायली गेली.

‘दिएस इरे’च्या सुरुवातीकडे विशेष लक्ष द्यावे. आधी पितळी वाद्यांची हाक येते. मग टॅम-टॅम नावाच्या काशाच्या मोठ्या थाळीवर एकच ठोका पडतो. त्यानंतर तंतुवाद्ये धावू लागतात आणि गायक घाबरल्यासारखे हलक्या आवाजात सुरू करतात. स्त्रियांमागून पुरुष तीच ओळ घेऊन येतात, जणू गर्दीत माणसे एकमेकांमागे पळत आहेत. ही थाळी पॅरिसच्या कानांना ओळखीची होती. क्रांतीच्या सुरुवातीला गोसेक ह्या संगीतकाराने आपल्या शोकयात्रेच्या संगीतात ती वापरली होती आणि 1791 मध्ये क्रांतीचा पुढारी मिराबो याच्या अंत्ययात्रेत ती वाजली होती. तीच थाळी आता राजासाठी वाजली. केरुबिनीने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणणार नाही. पण ऐकणाऱ्यांना वयाचा विसर पडला नसेल, तर त्यांना ती पहिली वेळही आठवली असेल.

अर्पणाच्या भागात देवाने अब्राहामाला व त्याच्या वंशजांना दिलेल्या वचनावर एक लांबलचक फ्यूग आहे. फ्यूग म्हणजे एकाच ओळीचा निरनिराळ्या आवाजांनी केलेला पाठलाग. तो विद्वत्तापूर्ण आहे आणि पहिल्यांदा ऐकताना थोडा लांबतोही. पवित्र, पवित्र, पवित्र हा भाग मात्र चटकन संपतो.

बेथोव्हेनला हे रेक्वियम फार आवडे. 1827 साली तो वारला तेव्हा व्हिएन्नामध्ये त्याच्या स्मरणार्थ ते गायले गेले. राजासाठी रचलेली प्रार्थना दहा वर्षांत एका बहिऱ्या संगीतकाराच्या उपयोगी पडली, आणि त्यासाठी तिच्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

केरुबिनीच्या स्वतःच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. 1834 मध्ये त्याचा सहकारी बोयल्दिय याच्या अंत्यविधीच्या वेळी ह्याच रेक्वियमवरून वाद झाला. त्यात स्त्रियांचे आवाज होते आणि पॅरिसच्या आर्चबिशपांना ते चर्चमध्ये मान्य नव्हते. म्हाताऱ्या केरुबिनीने भांडण केले नाही. 1836 मध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी, त्याने केवळ पुरुषांच्या आवाजांसाठी दुसरे रेक्वियम रचले. 15 मार्च 1842 रोजी तो वारला आणि त्याच्या अंत्यविधीत ते दुसरेच गायले गेले. आज आपल्या गायकवृंदात अर्ध्याहून अधिक भगिनी आहेत; त्यांनी हे वाचून हसावे की रागवावे, ते त्यांनीच ठरवावे. परवानगीची गोष्ट अशी की 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनीही स्त्रियांना चर्चच्या गायकवृंदाबाहेरच ठेवले होते, आणि 1955 साली पोप बारावे पायस यांनी ते दार सावधपणे उघडले.

आता एक प्रश्न उरतो. असले संगीत आज बहुतेक वेळा मिस्सामध्ये ऐकू येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत सुधारणा झाल्या, ‘दिएस इरे’ अंत्यविधीच्या मिस्सामधून गेले, आणि मृतांच्या मिस्साचा सूर पुनरुत्थानाच्या आशेकडे वळला. त्यामुळे ही रेक्वियमे मैफलींत गेली. मग वेदीसमोर रचलेली प्रार्थना टाळ्यांसाठी गावी का? उपासनेसाठी असलेल्या रोममधील धर्मखात्याने 5 नोव्हेंबर 1987 रोजी चर्चमधील मैफलींविषयी एक पत्रक काढले. त्यानुसार चर्चमध्ये असा कार्यक्रम करायचा तर प्रवेश सर्वांना खुला आणि विनामूल्य असावा, गायक-वादकांनी वेदीच्या पवित्र जागेत बसू नये, पवित्र साक्रामेंत शक्यतो बाजूच्या प्रार्थनालयात किंवा अन्य सुरक्षित ठिकाणी ठेवावे, आणि संगीताची ओळख अशी करून द्यावी की ऐकणारे मनाने त्यात सहभागी होतील. तिकीट लावून कॅरोलची मैफल चर्चमध्ये भरवावी अशी सूचना आपल्याकडेही अधूनमधून येते, म्हणून हे येथे नोंदवत आहोत. ह्या शेवटच्या अटीकडे आमचे जास्त लक्ष आहे. शब्दांचा अर्थ न कळता ऐकलेले रेक्वियम कानाला गोड लागते खरे, परंतु सँ-दनीला त्या दिवशी जमलेल्यांना त्या शब्दांपासून पळता येत नव्हते.

ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी हे रेक्वियम मोबाईलवर जरूर ऐकावे. रिकार्डो मूटी यांच्या संचालनाखालील ध्वनिमुद्रण सहज मिळते. साधारण पाऊण तास लागतो. एकदम जमणार नसेल तर पहिला भाग, ‘दिएस इरे’ची सुरुवात आणि शेवटचा भाग एवढे ऐकावे.

शेवटचा भाग आहे ‘आग्नुस देई’, देवाचे कोकरू. गायकवृंद तीनदा मोठ्याने हाक मारतो, प्रत्येक वेळी ती हाक खाली येते. त्यानंतर मृतांवर अखंड प्रकाश पडावा अशी विनंती येते, आणि इथे केरुबिनी गायकांच्या हातून रागदारी, चढउतार सारे काढून घेतो. ते जवळजवळ एकाच स्वरावर शब्द म्हणत राहतात, जसे आपण घरी मृताच्या बिछान्याजवळ रोजरीच्या माळेचे मणी ओढत एकसुरात म्हणतो. खाली वाद्ये हळूहळू रंग बदलतात. आवाज कमी होत जातो, अजून कमी, आणि शेवट नेमका कुठे झाला ते कळण्याआधीच शांतता पसरलेली असते.