नून अक्षराचा श्लोक : पाठचिकित्सेचा एक प्रश्न

हिब्रू स्तोत्रसंहितेतील १४५वे स्तोत्र अक्षरक्रमाने रचिलेले आहे. हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांपैकी एकेका अक्षराने एकेक श्लोक आरंभावा, अशी त्याची योजना. परंतु यहुद्यांच्या प्रमाणभूत मासोरा पाठात मेमचा श्लोक संपताच सामेखचा सुरू होतो. मधल्या नूनचा श्लोकच नाही. यहुदी उपासक हे स्तोत्र नित्य प्रार्थनेत दिवसातून तीन वेळा म्हणतात. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे.

हा श्लोक मुळातच नव्हता, की नकलकाराच्या हातून गळाला?

पहिल्या पक्षास तालमूदाचा आधार आहे. इस्राएलाच्या पतनाचे आमोस संदेष्ट्याचे वचन नूननेच आरंभते, म्हणून येथे नून वर्ज्य केला, असे कारण रब्बी योहानान देतात. अर्थात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातही त्यांच्यापुढील पाठात हा श्लोक नव्हता.

दुसऱ्या पक्षास सेप्टुअजिंट या ग्रीक व पेशित्ता या सिरियाक भाषांतराची साक्ष आहे. दोहोंत हा श्लोक आढळतो. पुढे १९५६ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या ११व्या गुहेत स्तोत्रांची एक चर्मगुंडाळी सापडली. जे. ए. सँडर्स यांनी ती १९६५ साली संपादून प्रसिद्ध केली. तीत नूनचा श्लोक हिब्रूतच मिळाला.

येथे शंका अशी की, इतकी जुनी प्रत मिळाल्यावर वाद उरतो कसा?

समाधान असे : प्रत जुनी म्हणून तिचा प्रत्येक पाठ मूळचा, असे ठरत नाही. या श्लोकाचा उत्तरार्ध १७व्या श्लोकाच्या उत्तरार्धाशी शब्दशः जुळतो. स्तोत्रात अन्यत्र ईश्वराचे चतुरक्षरी नाम मुख्यत्वे येते. गुंडाळीतील या श्लोकात मात्र ‘एलोहीम’ आहे. शिवाय त्या गुंडाळीत प्रत्येक श्लोकानंतर एक ध्रुवपद जोडलेले आहे, म्हणजे उपासनेसाठी पाठ वाढविलेला दिसतो. ३४व्या स्तोत्रातही वावचा श्लोक नाही. तेव्हा अक्षर सुटणे कवीलाही असंभाव्य नव्हते. उलटपक्षी, तीन भाषांतील साक्षी एकमुखाने बोलतात, हेही दुर्लक्षिता येत नाही. निर्णय अद्याप एकमताने झालेला नाही.

मात्र एक गोष्ट निश्चित आहे. मासोरा परंपरेच्या लेखकांना ही उणीव दिसत होती, आणि एक श्लोक रचून ती भरणे अवघड नव्हते. त्यांनी ती भरली नाही. परंपरागत प्रार्थनापुस्तकांतही ती तशीच आहे. जो लेखक दिसणारी उणीव जशीच्या तशी सांभाळतो, त्याने सांभाळलेल्या उर्वरित अक्षरांवरही विश्वास ठेवता येतो.