पिण्याच्या पाण्याचे रक्षण : वरच्या इयत्तांसाठी एक पाठ

हेतू. पाणी गाळावे, त्यात तुरटी फिरवावी व ते उकळावे, ही शिकवण मंगळवेढे तालुक्यातील शाळांतून दिली जाते. ती योग्यच आहे. परंतु तेवढ्याने पाठ पुरा होत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो व उकळल्याने रोगजंतू मरतात. पाण्यात विरघळलेली नायट्रेटे, क्षार व कारखान्यांतील अनेक रसायने मात्र या उपायांनी निघत नाहीत. जे घरी निघत नाही ते उगमाशीच थांबविले पाहिजे, हे विद्यार्थ्यांस उमजावे हा या पाठाचा हेतू होय.

प्रस्तावना. आज सकाळी घागर कोठे भरली, असे प्रत्येकास विचारावे. आड, विहीर, विंधन विहीर, नळ, टँकर अशी उत्तरे फळ्यावर मांडावीत. नंतर, टँकर कोठे भरला जातो, नळाचे पाणी कोणत्या नदीचे, असे पुढचे प्रश्न घ्यावेत.

प्रयोग. स्वच्छ पाण्यात मीठ विरघळवून ते फडक्याने गाळावे, उकळून निववावे व मुलांस चाखावयास द्यावे. खारटपणा कायम राहतो. हा अनुभव पुढील विवेचनाचा पाया आहे.

विषयप्रतिपादन. महाराष्ट्राच्या नकाशावर भीमेचा मार्ग बोटाने दाखवावा. भीमाशंकरी उगम पावणारी ही नदी इंद्रायणी व मुळा-मुठा यांचे पाणी घेऊन १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात येते व पंढरपुरावरून मंगळवेढे तालुक्याकडे वाहते. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी व कारखान्यांचे मैलपाणी याच मार्गाने उजनीत उतरते. दूषित करणारा वर राहतो व पिणारा खाली, ही गोष्ट नकाशावरून आपोआप ध्यानी येते. नदी किंवा विहीर दूषित करण्यास १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने मनाई केली आहे, हेही सांगावे.

खालच्या माणसाचे कोणी ऐकते काय, असे मुले विचारतील. त्यांना केरळातील प्लाचिमडा गावची हकीकत सांगावी. तेथे २००० साली कोका-कोला कंपनीचा कारखाना सुरू झाला. पुढे विहिरींचे पाणी खालावले व पिण्याजोगे राहिले नाही, अशी तेथील आदिवासींची तक्रार होती. २००२ साली मयिलम्मा या आदिवासी स्त्रीच्या पुढाकाराने कारखान्यासमोर धरणे सुरू झाले. २००३ साली पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले. न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंनी लागले. तथापि २००४ साली कारखाना बंद पडला.

येथे शिक्षकाने तारतम्य राखावे. वर्गातील काही मुलांचे पालक कारखान्यास ऊस घालतात, काही तेथे कामास जातात. कारखाना शत्रू आहे असे मुलांच्या मनात भरवू नये. त्याने आपले पाणी शुद्ध करूनच सोडावे, एवढाच आग्रह न्याय्य आहे. आपल्या शेतातील अतिरिक्त खत व विहिरीलगतचा उकिरडा यांचाही विचार त्याच मापाने करावा.

उपयोजन. वर्गात पाण्याची नोंदवही ठेवावी. दर पंधरवड्यास तारीख, पाण्याचा रंग, वास व भोवतालची घाण यांची नोंद मुलांनी करावी. जलसुरक्षकाच्या साहाय्याने जंतुपरीक्षणाची कुपी वापरावी. पाणी काळे पडल्यास ते दूषित समजावे. रसायनांसाठी नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठविण्याची विनंती ग्रामपंचायतीस करावी. भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. अहवाल ग्रामसभेत वाचला जाईल असे पाहावे. ऐकीव तक्रार सहज झिडकारता येते. तारीखवार नोंद व अहवाल यांना उत्तर द्यावेच लागते.

गृहपाठ. आपल्या घरच्या पाण्याचा उगमापासून घागरीपर्यंतचा मार्ग काढा व ते जेथे बिघडू शकते तेथे खूण करा.