हातशिलाईचा पिनाफोर : जुना घाट, आजचे माप

गणवेशाचा विषय निघाला की आपली चर्चा कापड, रंग आणि खर्च या तीन बाबींभोवती फिरते. तो शिवला कसा जातो आणि वाढत्या अंगाच्या मुलीला तो किती काळ पुरतो, हा प्रश्न सहसा शिंप्यावर सोपवून आपण मोकळे होतो. वस्तुतः मुलीच्या कपड्याचे आयुष्य कापडापेक्षा बेतणीवर अधिक अवलंबून असते. शाळाशाळांतून दिसणारा बिनबाह्यांचा, आत ब्लाउज घालून वरून चढवावयाचा पिनाफोर हे याचे चांगले उदाहरण आहे. सुई, दोरा, कात्री आणि मापाची फीत एवढ्या साहित्यावर, यंत्राशिवाय, तो घरी वा वर्गात शिवता येतो.

या पोशाखाचा उगम इंग्लंडमधला. पिनाफोर या शब्दाचा मूळ अर्थच ‘पुढे टाचणीने लावलेले’ असा आहे. मुलांच्या लोकरी वा भारी कपड्यांवर पुढच्या बाजूने सुती कापड टाचून लावीत; मळले की तेवढेच काढून धूत. लोकरीचा पोशाख वारंवार धुणे शक्य नव्हते, आणि सुती आच्छादन उकळत्या पाण्यात घालता येत असे. एवढ्या साध्या सोयीतून हा कपडा जन्मला. एकोणिसाव्या शतकात लहान मुलगे व मुली दोघेही तो घालीत. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲलिस इन वंडरलँड’साठी जॉन टेनियल यांनी काढलेल्या चित्रांतील ॲलिसच्या अंगावर तो आहे, आणि आजही ‘जुन्या घाटाचा पिनाफोर’ म्हटले की तेच चित्र पुढे येते.

शाळेच्या गणवेशात त्याने प्रवेश केला तो व्यायामशाळेच्या दारातून. मूळच्या स्वीडनच्या मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांनी १८८५ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेड येथे मुलींसाठी शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. घट्ट कमरेच्या, पायघोळ पोशाखात मुलींना धावता येत नसे. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी मेरी टेट यांना बिनबाह्यांच्या, सैल, चुणीदार ‘जिमस्लिप’चे श्रेय दिले जाते. मिशनरी व कॉन्व्हेंट शाळांमार्फत हा घाट आपल्याकडे आला आणि पुढे इतर शाळांनीही तो उचलला. मुलींना मोकळेपणाने हालचाल करता यावी म्हणून जो कपडा निघाला, तो तंग आणि अपुरा शिवला तर त्याचा हेतूच नाहीसा होतो, हे शिवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित शिक्षणसंहितेने अनुदानित शाळांतील मुलींना साधे शिवणकाम सक्तीचे केले. त्यामुळे मुलींच्या हातात कला आली हे खरे. परंतु त्याच वेळी मुलगे गणित करीत बसत आणि मुली शिवण घालीत बसत, हेही खरे. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली नयी तालीम, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सुचविलेला कार्यानुभव आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील सहावी ते आठवीसाठीचे दप्तराविना दहा दिवस, या सर्वांत हस्तव्यवसाय मुलगे व मुली या दोघांसाठी आहे. शिवण शिकविणाऱ्या शिक्षकांनी वर्गाचे दोन भाग करू नयेत. गुंडी लावता न येणारा मुलगा उद्या दुसऱ्याच्या हाताची वाट पाहत बसेल. शिवाय खाली येणारी मापे काढताना जे गणित होते, ते फळ्यावरच्या गणितापेक्षा कमी प्रतीचे नाही.

कापड आणि बेतणी

येथे दिलेली मापे सुमारे आठ वर्षांच्या, छाती ६४ सेंमी असलेल्या मुलीसाठी आहेत. खांद्यापासून कमरेपर्यंत २८ सेंमी आणि कमरेपासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत ४५ सेंमी अशी उंची धरली आहे. प्रत्यक्षात प्रत्येक मुलीचे माप घ्यावे. ‘आठ वर्षांचे माप’ नावाची वस्तू दुकानात असते, मुलीच्या अंगावर नसते.

९० सेंमी पन्ह्याचे जाडसर सुती कापड दोन मीटर घ्यावे. चोळीच्या अस्तरासाठी धुतलेला मांजरपाट ४० सेंमी पुरतो. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटते. म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच बेतण्यास घ्यावे. ही पायरी घाईत गाळली जाते आणि पहिल्याच धुण्यानंतर पिनाफोर गुडघ्याच्या वर जातो. टेरिकॉट आटत नाही, परंतु त्याच्या चुण्या मऊ पडत नाहीत आणि उन्हाळ्यात ते अंगाला चिकटते. निवड करता येत असेल तर सुतीच घ्यावे.

जुन्या घाटात पाठीमागे नाड्या वा गुंड्या असत, कारण त्या लावण्यास घरात दुसरे कोणी असे. आश्रमशाळेच्या वसतिगृहात पहाटे उठून स्वतःच तयार होणाऱ्या मुलीला पाठीवरच्या गुंड्या लावून कोण देणार? म्हणून येथे गुंड्या पुढे, खांद्याखाली घेतल्या आहेत. मागचा पट्टा खांद्यावरून पुढे येतो आणि मुलीला स्वतःला दिसेल अशा ठिकाणी अडकतो. चोळीचा घेर ७४ सेंमी ठेवल्याने खांदे सोडले की पायांकडून पिनाफोर सहज चढतो. वेगळा काप लागत नाही.

चोळीचा अर्धा भाग आधी कागदावर काढावा. घडीच्या रेषेपासून रुंदी १८.५ सेंमी, पुढच्या भागाची उंची २८ सेंमी आणि मागच्या भागाची, पट्टा पुढे यावयाचा असल्याने, ३३ सेंमी. वरच्या कडेवर घडीपासून ६.५ सेंमीवर गळा आणि १२ सेंमीवर पट्ट्याची बाहेरची कड. म्हणजे पट्टा साडेपाच सेंमी रुंद होतो. पुढचा गळा १० सेंमी खोल घ्यावा. मागच्या भागात खांद्याची रेषा वरच्या कडेखाली ५ सेंमीवर येते. त्या रेषेपासून गळा ७ सेंमी खोल घ्यावा. मुंढा दोन्ही भागांत खांद्याच्या रेषेपासून १७ सेंमी खोल असावा. आत ब्लाउजची बाही असते, त्यामुळे मुंढ्यात कंजुषी करू नये. काखेत रुतणारा मुंढा सर्वांत आधी फाटतो.

आता माया. शिवणीबाहेर जे जादा कापड सोडतात त्याला आपले शिंपी माया म्हणतात, आणि या शब्दाइतका चपखल शब्द शिवणशास्त्रात क्वचितच असेल. गळा, मुंढा व पट्ट्याची टोके येथे १ सेंमी, कमरेला दीड सेंमी, पण दोन्ही बगलांना अडीच सेंमी माया ठेवावी. बगलेच्या चार कडांतून पुढे प्रत्येकी दीड सेंमी सोडता येते. म्हणजे छातीला ६ सेंमी वाढ हाताशी राहते. चोळीचे पुढचे व मागचे भाग ९० सेंमी पन्ह्यात शेजारी शेजारी बसतात.

घेरासाठी पूर्ण पन्ह्याचे दोन तुकडे, प्रत्येकी ६१ सेंमी उंचीचे. हा हिशेब असा : दिसणारी उंची ४५, खालची दुमड ८, वाढीसाठीच्या दोन आडव्या दुमडी मिळून ६, आणि कमरेची माया दीड, बेरीज साडेसाठ. उरलेल्या कापडातून दोन खिसे निघतात. ते वगळू नयेत. मुलांच्या चड्डीला खिसा हवा आणि मुलींच्या कपड्याला नको, असा नियम कोणी केला हे समजत नाही.

टाके

दोरा हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंमी घ्यावा. लांब दोरा घेतल्याने वेळ वाचत नाही. तो गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन झिजतो. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की ही तक्रार बरीच कमी होते. मधल्या बोटात अंगुस्ताना असावा. सवय नसलेल्या हाताला पहिला तासभर त्याची अडचण वाटते, नंतर त्याच्याशिवाय जाड कापडात सुई जात नाही.

हातशिलाई कमकुवत, ही समजूत बरोबर नाही. एलियास हाऊ यांनी शिवणयंत्राचे पेटंट १८४६ मध्ये घेतले. त्यापूर्वी जगातला जवळजवळ प्रत्येक शिवलेला कपडा हातानेच शिवलेला होता. ताण येणाऱ्या जागी बखिया, म्हणजे प्रत्येक टाक्यात थोडे मागे येऊन पुढे जाणारा उलट टाका, घालावा. एका सेंमीत चार टाके पडले तर शिवण यंत्राच्या तोडीची होते. त्यात एक दोरा तुटला तरी शेजारचे टाके लगेच उसवत नाहीत. ताण नसेल तेथे धावदोरा पुरे.

प्रथम चोळीचा पुढचा भाग आणि त्याचे अस्तर सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून कच्चे टाचावे. मग मुंढा, पट्ट्याचे टोक, गळा, दुसरा पट्टा, दुसरा मुंढा अशी सलग बखिया घालावी. बगला आणि कमर मोकळी राहील. वळणांवर मायेला टाक्यापासून दोन मिलिमीटर अंतर राखून कात्रीने खाचा द्याव्यात, मग तुकडा उलटावा; खाचा न दिल्यास गळा गोल न बसता आकसतो. मागचा भाग असाच करावा. त्यानंतर बगला जोडताना वरचे कापड व अस्तर एकाच सलग शिवणीत घ्यावे. माया कापू नये. तिच्या कडा हलक्या टाक्याने बांधाव्यात.

घेराचे दोन तुकडे काठाला काठ लावून जोडावेत. काठ उसवत नसल्याने तेथे कडा बांधण्याचे काम वाचते. खिसे या वेळीच, कमरेपासून १२ सेंमी खाली, लावून घ्यावेत आणि त्यांच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर चार-पाच जादा टाके घ्यावेत. खिसा फाटतो तो तेथेच.

चुण्यांसाठी कमरेच्या कडेपासून १.२ व १.८ सेंमीवर धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालाव्यात आणि दोन्ही दोरे एकदम ओढावेत. घेराचे व चोळीचे आधी चार समान भाग करून खुणा जुळवाव्यात. पावणेदोन मीटरचा घेर ७४ सेंमीत बसवावयाचा असतो, आणि खुणा नसतील तर सर्व चुण्या एका बाजूला गोळा होतात. जुन्या काळच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया सुईच्या टोकाने एकेक चुणी सरळ करीत. वेळखाऊ काम आहे, पण हातशिलाईचे खरे रूप येथेच दिसते. दोन ओळींच्या मधून, दीड सेंमीवर, बखिया घालावी. या ७४ सेंमीला सुमारे तीनशे टाके लागतात. मग खालची ओळ ओढून काढावी आणि अस्तराची कड आत दुमडून चुण्यांवर तुरपाई करावी, म्हणजे आतून एकही कच्ची कड अंगाला टोचत नाही.

खालची ८ सेंमीची दुमड तुरपून झाल्यावर तिच्या वर दोन आडव्या दुमडी, प्रत्येकी दीड सेंमी खोल, धावदोऱ्याने घालाव्यात. एका दुमडीत ३ सेंमी कापड साठते. या वयात मुलीची उंची वर्षाला पाच-सहा सेंमी वाढते आणि त्यातील निम्मी वाढ कमरेखाली येते असे धरले, तर वर्षाला एक दुमड सोडणे पुरते. परकराला अशीच दुमड घालून दोन-तीन वर्षे तो वापरण्याची रीत आपल्या घरांतून होतीच. दुमड सोडल्यावर न विटलेल्या रंगाची रेघ दिसते, विशेषतः निळ्या कापडावर. तिच्यावर रंगीत धावदोऱ्याची नक्षी घालावी, म्हणजे मुलीला ती मिरविता येते.

काजे मागच्या पट्ट्यावर, गुंड्या पुढे. गुंडीपेक्षा काज दोन मिलिमीटर मोठे असावे, आणि ते कापण्यापूर्वी त्याभोवती बारीक धावदोरा घालावा. गुंडी पहिल्या वर्षी खांद्याच्या रेषेखाली तीन सेंमीवर लावावी. चोळी आखूड होऊ लागली की ती दोन सेंमी वर सरकवावी.

गणवेशाचा हिशेब

समग्र शिक्षा योजनेत गणवेशासाठी प्रतिविद्यार्थी वर्षाला ६०० रुपयांपर्यंत तरतूद असते आणि त्यात दोन गणवेश बसवावयाचे असतात. २०२४-२५ मध्ये राज्यात शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत महिला बचत गटांकडे देण्यात आले. त्या वर्षी माप व वेळ यांविषयी तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. कोणीही शिवले तरी अडचण एकच राहते : शेकडो मुलींची मापे तीन-चार ठरावीक आकारांत कोंबावी लागतात. समितीने कापड घेण्यापूर्वी शिवणाऱ्यांशी बगलेला किती माया व खाली किती दुमड एवढे दोन आकडे लिहून ठरवून घेतले, तर त्या आकारांतला बराचसा फरक शाळेतच दुरुस्त होऊ शकेल. उसवणे आणि पुन्हा तुरपणे हे सातवीच्या विद्यार्थ्यांना एका तासिकेत शिकविता येते. माया सोडली तर चोळीची रुंदी वाढते, तेव्हा कमरेची शिवण बगलेपाशी थोडी उसवून तेथील चुण्या सैल कराव्या लागतात, हे तेवढे त्यांना आधी दाखवून द्यावे.