भाषा-सहाय्यक होऊन फ्रान्सला जाताना

गोव्यातील काही शाळांत फ्रेंच ही तिसरी भाषा म्हणून शिकविली जाते. तीच भाषा पुढे पदवीपर्यंत नेणाऱ्या मुलामुलींना फ्रान्समधील शाळांत इंग्रजीचे भाषा-सहाय्यक म्हणून जाण्याची वाट खुली आहे. आपल्या समाजातील अशाच एका मुलीच्या आईने मला विचारले, "बाई, पाठवू ना तिला? आणि डोक्यावरच्या ओढणीचे काय?" त्या भगिनीला जे उत्तर दिले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडते.

काम कोणते?

फ्रान्समध्ये ही प्रथा १९०५ पासून चालत आली आहे. सहाय्यक म्हणजे पूर्ण शिक्षक नव्हे. व्याकरण, परीक्षा आणि गुण ही जबाबदारी तेथील शिक्षकाची. सहाय्यकाने मुलांचा लहानसा गट घेऊन त्यांना बोलते करायचे. मुदत साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल अशी सात महिन्यांची, आणि काम आठवड्याला १२ तास. कधी हे तास दोन-तीन शाळांत विभागलेले असतात. विभागाची पसंती कळविता येते, पण तोच मिळेल असे नाही. पॅरिस मनात धरून बसलेल्याला एखादे लहान गाव मिळते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. लहान गावात भाषा लवकर जिभेवर येते.

कागद आणि पैसा

तयारीचा आरंभ जन्मदाखल्यापासून करावा. आपल्याकडे एकच आडनाव जन्मदाखल्यावर एका इंग्रजी स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगने आढळते. 'शेख' आणि 'सय्यद' ह्या आडनावांच्या घरांना हे सांगावयास नकोच. ही दुरुस्ती वर्षभर आधी करून घ्यावी. आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला तेथे आरोग्यविम्याचा क्रमांक मिळविण्यासाठी लागतो. त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल प्रमाणन घ्यावे आणि अधिकृत भाषांतरकाराकडून त्याचे फ्रेंच भाषांतर करवून घ्यावे.

दीर्घ मुदतीचा व्हिसा नेमणूकपत्राच्या आधारे मिळतो. फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. अनेक जण हे विसरतात आणि मग अडचणीत येतात.

पहिला पगार ऑक्टोबर संपेपर्यंत हाती येत नाही. कागद अपुरे असतील तर आणखी उशीर होतो. खोलीचे भाडे व अनामत मात्र आधीच द्यावी लागते. म्हणून दोन महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय निघू नये.

ओढणीचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या १९०५ साली सहाय्यकांची प्रथा सुरू झाली, त्याच साली फ्रान्सने कायदा करून धर्मसंस्था आणि राज्य ह्यांची फारकत केली. सरकारी शाळेत काम करणाऱ्याने कामाच्या वेळी धर्माची खूण दिसू द्यायची नाही, असा तेथील दंडक आहे, आणि सहाय्यकही त्यातून सुटत नाही. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांनाही ठळक धर्मचिन्हे वापरण्यास मनाई केली. शीख मुलाची पगडीही त्यात आली. शाळेबाहेर, रस्त्यावर डोक्यावर ओढणी घेण्यास बंदी नाही; चेहरा झाकण्यास मात्र २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी मनाई आहे.

हा नियम योग्य की अयोग्य, ह्यावर खुद्द फ्रान्समध्येही वाद आहे. परंतु जाणाऱ्या मुलीला तो वाद सोडवायचा नसून स्वतःपुरता निर्णय घ्यायचा आहे, आणि तो अर्ज भरण्यापूर्वी, घरीच घ्यायला हवा. शाळेच्या फाटकाशी ओढणी उतरविणे तिच्या मनाला पटत नसेल, तर तिने जाऊ नये. त्यात कमीपणा नाही. पटत असेल, तर मागे राहिलेल्यांनी तिच्या ईमानाचे माप काढू नये. म्हणूनच त्या आईला मी म्हटले, "मला विचारलेत, तसे तिलाही विचारा."

आपण कोण?

फ्रेंचमध्ये भारतीय माणसाला सरसकट 'हिंदू' म्हणण्याची जुनी सवय आहे. त्यामुळे आपल्या मुलीला ऐकावे लागेल, "तुम्ही भारतीय ना? मग मुसलमान कशा? आणि उर्दू न बोलता मराठी कशी?" रागावू नये. 'मी भारतीय आहे, मुसलमान आहे, माझ्या घरची भाषा मराठी आहे,' ही साधी वाक्ये फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत बोलून पाठ असावीत. पहिल्या तासाचा तोच उत्तम पाठ. सोबत आपल्या बसचे तिकीट, काही नाणी, स्वयंपाकघराची चित्रे, घरची एखादी मराठी लग्नपत्रिका न्यावी. अशा वस्तू हाती दिल्या की मुले आपणहून प्रश्न विचारतात, आणि सहाय्यकाचे काम सुरू होते.

मराठीचा उपयोगही होतो. फ्रेंचमधील 'त्यू' आणि 'वू' हा भेद आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' सारखाच. शिक्षकांशी व अनोळखी मोठ्यांशी 'वू' म्हणावे, आणि दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणावे; न म्हणणे तेथे उद्धटपणाचे समजतात.

शेवटी ट्रस्टला एक विनंती. हुशार मुलगी निवडली जाते आणि त्या दोन महिन्यांच्या खर्चापायी घरीच राहते, असे होऊ नये. तेवढ्यापुरते कर्जे-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज द्यावे. पगार सुरू झाल्यावर हप्त्यांनी ते परत घ्यावे, आणि तोच पैसा पुढच्या वर्षी निघणाऱ्याच्या हाती द्यावा.