जुनी पद्मिनी बंद पडते: बोअरच्या आधी काय पाहावे?

प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये हटली. तरी लालबाग-परळकडच्या कारागिरांकडे एखादी खाजगी पद्मिनी अजून येते. तक्रार ठरलेली: सकाळी सुरू होते, सिग्नलला बंद पडते, गरम असताना सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही. ‘इंजिन गेले, बोअर करा’ म्हणणे सोपे. पण ग्राहकाची गाडी आपल्याकडे अमानत आहे. तपासल्याशिवाय एवढा खर्च सांगू नये, असे आम्हांस वाटते.

गाडी बंद पडताच, थंड व्हायच्या आत प्लगचा करंट पाहावा (जवळ उघडे पेट्रोल नको). ठिणगी पिवळी, अशक्त असेल तर कॉइल व कंडेन्सर बदलून पाहा. हे दोघे गरम झाल्यावर दगा देतात, थंड झाले की निर्दोष दिसतात. पॉइंट वारंवार जळत असतील तर संशय कंडेन्सरवरच. खूप चाललेल्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरचे बुश झिजते. मग गॅप कितीदाही बसवा, टिकत नाही.

ठिणगी निळी असेल तर पेट्रोलकडे वळा. पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी सुरू झाली, तर पेट्रोलची वाफ अडकत होती. फक्त सिग्नलला बंद पडत असेल, तर कारब्युरेटरच्या थ्रॉटल शाफ्टवर तेलाचे दोन थेंब सोडा. इंजिन सावरले, म्हणजे तिथून हवा शिरते.

कॉम्प्रेशन शेवटी. कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. वाढले तर रिंगा व बोअर. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. त्याला हेड उतरवणे पुरते.